आदिनाथचा पगार

“आदिनाथ, मर्दा, ती मावशी तुला सापडली कशी, तेवढं सांग!”

नेमगोंडा अण्णांनी चहाचा कप हातातच धरला होता, प्यायचं विसरून. रविवारची सकाळ होती. तालुक्यातल्या सगळ्यात चालत्या फोटो स्टुडिओचा मालक पेढ्यांचा बॉक्स घेऊन आपण होऊन आमच्या दोन खोल्यांच्या घरी आला होता. आम्ही त्यांना बसायला दिलेल्या खुर्चीचा पाय डुगडुगत होता, आणि ते बोलायच्या भरात पुढे झुकले की माझा जीव वरखाली होत होता. मी स्वयंपाकघराच्या दारात पिहूला खांद्यावर घेऊन उभी होते. दूध पिऊन झालं होतं, ढेकर निघत नव्हती.

माझ्या नवऱ्यानं, आदिनाथनं, हळूच माझ्याकडे बघितलं.

“कुठली मावशी, अण्णा?”

“कुठली म्हणजे? खोतांच्या लग्नातली! हजारभर फोटो दिले होते मी तुला. त्यात ती बाई कुठंतरी चार-दोन फोटोंत, तीपण कडेला. आणि तू तिला अख्खं पान दिलंस, मंगलाष्टकांच्या समोरचं. काल नवरदेव अल्बम न्यायला आला. ते पान उलटलं आणि माझ्या काउंटरवर डोकं टेकून रडला की रे! त्याची आई तो लहान असतानाच गेलेली. त्या मावशीनं वाढवला. लग्नात स्टेजवर सावत्र आई मिरवत होती आणि ही बिचारी मंडपाच्या खांबाला टेकून उभी. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुला कुणी सांगितलं?”

आदिनाथ कपातल्या सायीकडे बघत राहिला. मला राहवलं नाही.

“तिच्या मुठीत चष्मा होता,” मी म्हणाले.

अण्णा वळले. “काय?”

“नवरदेवाचा चष्मा. काचेवर फ्लॅश चमकतो म्हणून फोटोग्राफर काढायला लावतात ना. हळदीच्या फोटोंत, साखरपुड्याच्या, जेवणाच्या, जिथं त्याच्या डोळ्यांवर चष्मा नाही तिथं तो तिच्या हातात आहे. बहिणीच्या नाही, वडलांच्या नाही. चष्मा काढून आपण मागे न बघता कुणाच्या हातात देतो? जो हात तिथं असणारच अशी खात्री असते, त्याच हातात.”

अण्णांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग आदिनाथच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, “घरात चर्चा करतोस होय वहिनींशी? चांगलं आहे, चांगलं आहे.”

आम्ही काही लपवलं होतं असं नाही. आदिनाथ कंपनीच्या सुटीच्या दिवशी अण्णांसाठी लग्नाचे फोटो काढायला जायचा. “अल्बमपण करतोस का रे?” असं त्यांनी एकदा विचारलं, आणि त्यानं हो म्हटलं, कारण घरात मी होते. मी बी.एस्सी. करताना कॉम्प्युटरवर फोटो जुळवून अल्बम मांडण्याचा कोर्स केला होता. पेन ड्राइव्ह त्याच्या खिशातून यायचा, त्याच्याच खिशातून जायचा. मधलं सगळं आमच्या खाटेवर व्हायचं. पाळण्याची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्यात आणि माउस हातात. पिहू दिवस भरायच्या आधी जन्मलेली, एवढीशी. तिची छाती हलतेय ना, हे बघत मी दुपारच्या दुपारी काढल्या आहेत. त्या बघण्याची सवयच माझ्या डोळ्यांना लागली असावी. कुणाच्याही लग्नाचे फोटो उघडले की मी आधी नवरा-नवरी बघायचेच नाही. कुणाची नजर कुणावर आहे ते बघायचे. कोण कुणापासून दोन हात लांब उभं आहे. कुणाचं पोर कुणाच्या कडेवर आहे.

“तर मी आलोय ते यासाठी,” अण्णांनी खुर्ची पुढे ओढली. “तू ती कंपनी सोड. असं पण मार्चमध्ये तुम्हा कंत्राटवाल्यांना ब्रेक देऊन घरी बसवणारच आहेत. माझ्याकडे पूर्णवेळ ये. दहा ते सहा. महिना बावीस हजार.”

आतल्या खोलीत आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, शेंगा फोडत होत्या. तो आवाज थांबला. कंपनीत आदिनाथला बारा मिळत होते.

“बावीस मी उगाच म्हणत नाही,” अण्णा म्हणाले. “फोटोला फुलं-बिलं लावून सजवणारी पोरं ढिगानं आहेत. नाती ओळखणारं डोकं बाजारात मिळत नाही. ते तुझ्याकडे आहे.”

आदिनाथनं कप खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं आता हा हो म्हणतोय. पण माझा नवरा सरळ माणूस आहे.

“अण्णा, खरं सांगू का? अल्बम मी करतच नाही. ही करते. पहिल्यापासून.”

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. त्या क्षणी पिहूला ढेकरसुद्धा आली.

अण्णा आधी आदिनाथकडे, मग माझ्याकडे बघून मोठ्यानं हसले. “वहिनी? सगळे अल्बम? आणि हा गडी माझ्यासमोर मान डोलवून शाबासकी घेतोय! अहो, मग अडचणच मिटली. त्याला कंपनी सोडायला नको. तुम्ही या उद्यापासून. लेकराची काळजी करू नका. पूर्वीची फोटो धुवायची डार्करूम रिकामीच आहे, तिथं पाळणा बांधून देतो. पंखा आहे, पडदा लावतो. मधेच पाजायला उठलात तरी कोण काही बोलणार नाही. महिना चौदा हजार देईन.”

“बावीस ना, अण्णा?” मी म्हणाले.

“बावीस आदिनाथला म्हटलं होतं.”

“काम तेच आहे ना?”

“काम तेच की! कामाबद्दल मी एक शब्द तरी बोललोय का? एक नंबर काम.” त्यांना खरोखरच माझं कोडं पडलं होतं. चेहऱ्यावर लबाडी नव्हती. तेच जास्त झोंबलं. “असं बघा वहिनी, आदिनाथला नाती कळतात याचं मला नवल वाटलं होतं. गड्याला असलं दिसत नसतं. तुम्हा बायकांना ते येतंच. मावशी कोण, आत्या कोण, कोण रुसलंय, कोण फुगलंय. त्यासाठी काय शाळेत जावं लागतंय? उपजतच असतं ते. शिवाय आदिनाथ कमावताच आहे. तुमच्यावर काय घर चालायचंय असं नाही.”

ते पेढे ठेवून, पिहूच्या गालाला बोट लावून गेले. जाताना म्हणाले, “उद्या दहाला. पाळणा आजच बांधून घेतो.”

स्कूटीचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला तशा आत्ती बाहेर आल्या. त्यांनी पहिला पेढा देवाजवळ ठेवला. “लेकरू डोळ्यांसमोर राहील आणि वर पैसे. आणखी काय पाहिजे बाई माणसाला?”

“आत्ती, अण्णा ह्याला बावीस देत होते.”

“त्याला देत होते. पुरुष माणूस आहे तो.”

“पण त्याला येत नाही काम!”

आत्तींनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, जशी मी भाजीत मीठ विसरले होते आणि वर वाद घालत होते. त्या शेंगांकडे परत गेल्या.

आदिनाथ म्हणाला, “तेजू, चौदा कमी आहेत का? माझ्यापेक्षा दोन जास्तच आहेत.”

“त्यांनी बावीस म्हटल्यावर तुला कसं वाटलं?”

“कसं म्हणजे?”

“कान लाल झाले होते तुझे.”

त्यानं कानावरून हात फिरवला. मग जरा चिडूनच म्हणाला, “मी खरं सांगितलं ना? तुझं नाव घेतलं ना?”

“घेतलंस. आणि माझं नाव घेतल्याबरोबर आठ हजार गेले.”

“मग काय, गप्प बसायला पाहिजे होतं मी?”

माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. तो गप्प बसला असता तर माझं काम बावीसचं राहिलं असतं, पण माझं राहिलं नसतं. तो खरं बोलला तर काम माझं झालं आणि त्याच क्षणी स्वस्त झालं. जे डोकं आदिनाथच्या खांद्यावर असताना बाजारात मिळत नव्हतं, ते माझ्या खांद्यावर निघाल्याबरोबर उपजत झालं. पिहूच्या छातीकडे डोळे फाडून काढलेल्या दुपारी उपजत! मी कपडे धुतले, भात लावला, आणि दिवसभर अण्णांना मनातल्या मनात उत्तरं देत राहिले. प्रत्यक्षात मी दारात उभी राहून “बावीस ना?” एवढंच म्हणाले होते. आणि मार्च तर येणारच होता. आदिनाथला ब्रेक मिळाला की चौदात घरभाडं, दूध, पिहूचा डॉक्टर आणि आत्तींच्या गोळ्या बसत नव्हत्या. बावीसमध्ये बसत होत्या. हे मी बोटांवर पुन्हा पुन्हा करून बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दहाला मी गेले. अर्धवट झालेल्या शिंदे-भोसल्यांच्या अल्बमचा पेन ड्राइव्ह पर्समध्ये, पिहू कडेवर, दुपट्यांची पिशवी खांद्याला.

काउंटरमागे दोन कॉम्प्युटर होते. एकावर चाळिशीच्या एक बाई बसल्या होत्या. केसांना घट्ट अंबाडा, नाकावर चष्मा. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, पिहूकडे बघितलं.

“चौदावाली तूच का?”

मी पिहूला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“मी विजयमाला. विजूताई म्हणतात. अण्णा काल फोनवर पाळणेवाल्याला सांगत होते, नवीन बाई येणार, चौदा ठरलेत. मी शेजारी बसलेय हे विसरूनच बोलतात इथं.” त्यांनी माउस सरकवला. “पंधरा वर्षं झाली मला. फोटो कात्रीनं कापून चिकटवत होतो तेव्हापासून. अकरा मिळतात. तू अजून पायातली चप्पल काढली नाहीस आणि तीन हजारांनी माझ्या पुढं.”

“ताई, मला माहीत नव्हतं.”

“तुला कशाला माहीत असेल? मलाच कालपर्यंत माहीत नव्हतं नवीन माणसाला काय देतात ते.”

तेवढ्यात अण्णा आतून आले, हसत, हात पुसत. “आलात? या, या, आधी हे बघा.”

डार्करूमचं दार त्यांनी उघडलं. मी आजही कबूल करते, तो पाळणा बघून मी विरघळले. नवी कोरी दोरी, स्वच्छ पांढरी गादी, दाराला निळा पडदा, कोपऱ्यात पाण्याचा माठ. पिहूला ठेवलं तर तिनं एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं आणि चक्क डोळे मिटले. घरी तिला झोपवायला मला गाणी संपवावी लागायची. माझ्या खुर्चीतून ती दिसणार होती. हात लांब केला की दोरी हातात येणार होती. कुठल्या नोकरीत हे मिळतं? मी मनात म्हटलं, चौदा तर चौदा.

खुर्चीवर बसले. पेन ड्राइव्ह लावला. शिंदे-भोसले उघडलं.

“आणि वहिनी, एक,” अण्णा मागे उभे होते. “शेवटच्या पानावर ‘अल्बम मांडणी’ म्हणून नाव टाकतो ना आपण, ते आदिनाथचंच राहू दे. गिऱ्हाइकांच्या तोंडात बसलंय. खोतांच्या पाहुण्यांनी तर नाव घेऊन विचारलंय. बाईचं नाव टाकलं की भाव पाडून मागतात लोक.”

माझे हात थांबले. मला वाटतं मी काल दिवसभर शोधत होते ते उत्तर तेव्हा आपोआप तोंडातून गेलं.

“मग पगारपण आदिनाथचाच द्या.”

अण्णा हसले. मी हसले नाही म्हणून त्यांचं हसू हळूहळू उतरलं.

“चेष्टा नाही, अण्णा. गिऱ्हाईक आदिनाथच्या नावानं येणार. तुम्ही त्याच्या नावाचा भाव लावणार. मग मधल्या मधे मीच तेवढी तेजस्विनी कशाला?”

“वहिनी, पाळणा बांधून दिलाय मी तुम्हाला. कुठला मालक देतो सांगा.”

“आदिनाथ आला असता तर त्याला मोटारसायकल लावायला जागा दिली असतीत. त्याचे पैसे कापले असतेत?”

“तो भाग वेगळा.” आता ते बसले, माझ्यासमोर, आणि आवाज समजावणीचा केला. “माझीपण अडचण समजून घ्या. मी तुम्हाला बावीस दिले, तर उद्या विजू मागेल.”

शेजारच्या कॉम्प्युटरवरचा टिकटिक आवाज बंद झाला.

“उद्या कशाला, अण्णा?” विजूताई स्क्रीनकडेच बघत म्हणाल्या. “इथंच बसलेय की मी.”

“तू गप काम कर गं. तुझा काय संबंध?”

विजूताई खुर्चीत पुढे सरकल्या. आणि खरंच काम करायला लागल्या. मला त्यांचा राग आला, आणि लगेच स्वतःचा आला, कारण चौदा तर चौदा म्हणून पाच मिनिटांपूर्वी मीही माउस हातात घेतला होता. मी पेन ड्राइव्ह काढला. पाळण्यातून पिहूला उचललं. ती दचकून उठली आणि तिनं असा काही टाहो फोडला की समोरच्या झेरॉक्सवाल्यानं मान वर केली.

बाहेर आले, पण घरी जायचं धैर्य होईना. घरी आत्ती होत्या, संध्याकाळी आदिनाथ येणार होता, आणि पुढे मार्च होता. स्टुडिओच्याच पायरीवर बसले. पिहूला थोपटत होते. डोक्यात एकच चाललं होतं: काय करून बसलीस तेजू? असा पाळणा पुन्हा कोण बांधणार आहे?

आतून फोनवर बोलल्याचा आवाज आला. “हो, हो शिंदेसाहेब, गुरुवारी नक्की. तोच करतोय, तोच पोरगा.” मग अण्णा बाहेर आले. इकडं तिकडं बघून माझ्या शेजारी, पायरीवर, उकिडवे बसले. एवढा मोठा माणूस, इस्त्रीच्या कपड्यांत.

“बावीस,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुमच्या नावानं. शेवटच्या पानावर पण तुमचं नाव टाका, बास? पण एवढं करा, विजूला सांगू नका. तिची सवय झालीय अकराची. ती काय कुठं जात नाही. उगाच तिच्या डोक्यात भरवू नका.”

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. घरभाडं, दूध, डॉक्टर, गोळ्या. पाळणा. वर नाव. फक्त एका बाईला एक गोष्ट सांगायची नव्हती, आणि ती बाई तर दहा मिनिटांपूर्वी मला टोचून बोलली होती. मी हो म्हणणारच होते. खोटं कशाला सांगू?

काचेतून आत बघितलं. विजूताई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. हात माउसवर होता आणि हलत नव्हता. स्क्रीनवर कुणाची तरी वरात थांबली होती. त्या आमच्याकडे बघत नव्हत्या. जे माणूस मुद्दाम बघत नाही ते सगळं बघत असतं, हे मला फोटोंनी शिकवलं होतं. पंधरा वर्षं या बाईच्या शेजारच्या खुर्चीवर माणसं आली असतील, गेली असतील, आणि प्रत्येकाला असंच पायरीवर नेऊन सांगितलं असेल, विजूला सांगू नका. कुणीच सांगितलं नसेल. तेवढ्यावरच तर अकराचे अकरा राहिले होते.

“विजूताई!” मी काचेवर हात आपटला. माझा आवाज फाटला. “अण्णा मला बावीस देतायत! तुम्हाला सांगू नका म्हणाले!”

“अहो वहिनी!” अण्णा ताडकन उठले. झेरॉक्सवाला आता सरळ दुकानाच्या पायरीवरच येऊन उभा राहिला होता. रस्त्यानं चाललेल्या दोघी बायका थबकल्या.

दार उघडलं. विजूताई बाहेर आल्या, चष्मा काढून हातात घेतलेला. पहिल्यांदाच त्या माझ्याकडे नीट बघत होत्या. माझ्याकडे, मग पिहूकडे, मग अण्णांकडे.

“खरं म्हणतेय ही?”

“विजू, आत चल. आत बसून बोलू. रस्त्यावर काय तमाशा?”

“आत नको. आत पंधरा वर्षं ऐकून घेतलं मी.” त्या माझ्या शेजारी पायरीवर बसल्या, पदर सावरून, जणू घरच्या ओट्यावर बसल्यासारख्या. “शिंद्यांचा अल्बम हिच्या पर्समध्ये आहे. पुढच्या चार लग्नांचे माझ्याकडे आहेत, अर्धे झालेले. तुम्ही बोला. आम्ही ऐकतोय.”

अण्णांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. “म्हणजे तुलापण बावीस? एकदम दुप्पट मागतेस, विजू? असा हिशेब असतो का कुठं? तुला माझ्याकडे कधी काही कमी पडलं? दिवाळीला साडी, पोराच्या फीला उचल. आजवर कधी तक्रार केलीस?”

“बरं, जाऊ दे अण्णा, मागच्या पंधरा वर्षांत कमी दिलंत ते सोडते मी,” विजूताई म्हणाल्या.

अण्णांनी सुटकेचा श्वास सोडला. विजूताई मात्र बोलता बोलता थांबल्या होत्या. हातातल्या चष्म्याकडे बघत होत्या. मग त्यांनी तो पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मान वर केली.

“नाही. मागचं पण नाही सोडत. पण आधी पुढचं बोला.”